ड्रायव्हरच्या डाव्या पायाला लागणारी धग: आधी वाट शोधा, मग पाना उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, तिला नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. रोज बोरिवली ते लोअर परळ जाणं-येणं. हायवेवर गाडी रांगायला लागली की अर्ध्या तासाने डाव्या पायाला गुडघ्याखाली धग लागते. एसी तोंडावर गार येतो, टेम्परेचरचा काटा मध्यावरच असतो. एक मेकॅनिक म्हणतो, "इंजिनाची हीट आहे, जाड मॅट टाका." दुसरा म्हणतो, रेडिएटर बदला.

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. काटा मध्यावर आहे, कूलंट कमी होत नाही आणि फॅन वेळेवर सुरू-बंद होतोय, तर रेडिएटरवर संशय घ्यायला काहीच आधार नाही. मॅटचं म्हणाल तर मॅट उष्णता थांबवत नाही, ती तुमच्यापर्यंत उशिरा पोहोचवते आणि खाली काय बिघडलंय ते झाकून टाकते. पायाशी येणारी धग इंजिनातून फक्त तीन वाटांनी येऊ शकते: गरम हवा आत शिरते, तळाचा पत्रा तापतो, किंवा हीटरचं गरम पाणी डॅशबोर्डमागे आपलं काम नको तेव्हा करत राहतं. यातली कुठली वाट आहे हे कळेपर्यंत एकही बोल्ट खोलू नका आणि एक रुपयाचाही सामान आणू नका.

डावा पाय, हाच पहिला धागा आहे. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ड्रायव्हरचा डावा पाय गाडीच्या मधल्या बोगद्याला चिकटून असतो. त्या बोगद्याखालून सायलेन्सरचा पाइप जातो, त्याच्या वर गिअर लिव्हर असतो आणि बोगद्याच्या तोंडाशी, डॅशबोर्डच्या पोटात, हीटरचा डबा बसलेला असतो. तिन्ही संशयित एकाच बाजूला. उजवा पाय तापत असता तर शोध वेगळ्या दिशेने गेला असता: दाराकडून येणारं ऊन, फ्यूजबॉक्स, फेंडरच्या आतलं वायरिंग. (उन्हाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्याला ऊन दोन्ही वेळा डाव्या खिडकीतून येतं. उलट, शहरातून उपनगरात कामाला जाणाऱ्याची उजवी मांडी दोन्ही वेळा भाजते. त्या माणसाने गाडी खोलण्याआधी खिडकीला जाळी लावून पाहावी.)

पुढच्या फेरीत फक्त निरीक्षण करा. सिग्नलला थांबल्यावर डावा हात खाली घालून बोगद्याच्या भिंतीवरचा कार्पेट चाचपा. कार्पेट गरम, पण हवा स्थिर असेल तर पत्रा तापतोय. कार्पेट जेमतेम कोमट, पण पोटरीवर फुंकर मारल्यासारखी झुळूक येत असेल तर हवा शिरतेय. झुळूक पायाकडच्या व्हेंटमधून येतेय की गिअर लिव्हरच्या बूटमधून, की स्टिअरिंगचा रॉड जिथे फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) जातो तिथून, हे ओल्या बोटांनी सहज कळतं.

दुसरी खूण वेळेची. गाडी सुरू केल्यापासून आठ-दहा मिनिटांत धग लागत असेल तर हीटरचं पाणी, कारण कूलंट तेवढ्या वेळात ८५-९० अंशांवर पोहोचतं. पत्रा तापायला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, आणि गाडी बंद केल्यावरही तो बराच वेळ गरम राहतो. तिसरी खूण वेगाची, आणि त्यासाठी तुमच्या रस्त्यावर आयती सोय आहे: हायवेच्या गर्दीतून सुटून सी लिंकवर गाडी मोकळी धावली की काय होतं? धग पाच-सात मिनिटांत उतरली तर तिचा उगम बॉनेटखाली किंवा सायलेन्सरवर साचलेल्या उष्णतेत आहे. वारा लागला की ती वाहून जाते. उतरली नाही, उलट ब्लोअर बंद केल्यावर वाढली, तर बाहेरची हवा वेगाच्या दाबाने हीटरच्या कॉइलवरून पायाशी येतेय. हे तपासताना रिसर्क्युलेशनचं (केबिनमधलीच हवा फिरवणारं) बटण एकदा चालू, एकदा बंद ठेवून पाहा.

आता मोजमाप. प्रोबवाला साधा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम, पण तिची एक खोड लक्षात ठेवा: चकचकीत ॲल्युमिनियम किंवा स्टीलवर ती खूपच कमी तापमान दाखवते. हीट शील्डवर (सायलेन्सरच्या पाइपवरच्या उष्णता अडवणाऱ्या पत्र्यावर) ७० दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, खरं तापमान त्याच्या दुपटीहून जास्त असू शकतं. गार असताना त्या जागी बिनचमकीच्या काळ्या हीटप्रूफ रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारा आणि त्या ठिपक्यावर नेम धरा. केबिनमध्ये कार्पेटवर गन बरोबर चालते. डेड पेडल (डावा पाय टेकवायची जागा), बोगद्याची तुमच्या बाजूची भिंत, पायाचा व्हेंट आणि गिअरचा बूट, या चार जागा सुरुवातीला, १५ मिनिटांनी आणि ३० मिनिटांनी नोंदवा. मुंबईच्या उन्हाळ्यात रांगत्या गर्दीत बोगद्याच्या कार्पेटवर ३८ ते ४२ अंश दिसलं तर मी ते चालवून घेतो. ५० च्या वर गेलं की बिघाड आहे असंच धरायचं, मग कुणी कितीही "नॉर्मल आहे" म्हणो.

हीटरकडे वळू या, कारण मुंबईत याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. इथे वर्षभरात कुणी हीटर लावत नाही, म्हणून तो आहे हेच विसरलं जातं. पण आजच्या बहुतेक गाड्यांत हीटर कॉइलमधून गरम कूलंट बारा महिने फिरत असतं, त्यावर कॉक नसतो. नॉब निळ्यावर फिरवला की फक्त एक फ्लॅप कॉइलसमोर येऊन हवेची वाट बंद करतो. त्या फ्लॅपच्या कडेला फोमची पट्टी असते. दमट हवेत ती काही वर्षांत कुजते आणि काळा चुरा होऊन व्हेंटमधून उडू लागते. डॅशबोर्डवर किंवा सीटवर काळे बारीक कण सापडत असतील तर ते याच फोमचे असण्याची शक्यता मोठी. फोम गेला की फ्लॅप बंद असूनही फट राहते.

चाचणी अशी. इंजिन पूर्ण गरम, गाडी सावलीत उभी. एसी बंद, नॉब पूर्ण निळ्यावर, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर एकवर, हवेची दिशा पायाकडे. प्रोब पायाच्या व्हेंटमध्ये दहा मिनिटं ठेवा. व्हेंटमधली हवा केबिनपेक्षा पाच-सहा अंशांनी जास्त असेल तर चालेल. केबिन ३४ आणि व्हेंट ४८ असेल तर फ्लॅप बंद होत नाही, यात शंका ठेवू नका. याला जोड म्हणून सकाळी इंजिन गार असताना एसी लावून समोरच्या व्हेंटचं तापमान घ्या आणि इंजिन गरम झाल्यावर तेवढ्याच आरपीएमला पुन्हा घ्या. सुरुवातीला ८ अंश आणि नंतर १५, असं होत असेल तर बहुतेक वेळा एसीचा गॅस कमी नसतो, हीटरची हवा मिसळत असते. अशा गाड्यांत उगाच गॅस भरला जातो आणि तक्रार तशीच राहते.

फ्लॅप केबलवर चालणारा असेल तर दुरुस्ती बहुधा फुकटात होते. ग्लव्हबॉक्स किंवा बाजूचं कव्हर काढल्यावर हीटरच्या डब्यावर एक प्लास्टिकचा लिव्हर आणि त्याला क्लिपने धरलेली केबल दिसते. क्लिप सरकली की नॉब शेवटाला टेकतो, पण लिव्हर चार-पाच मिलिमीटर आधीच थांबतो. क्लिप सोडवा, नॉब पूर्ण निळ्यावर न्या, लिव्हर बोटाने गारच्या टोकाला घट्ट टेकवा आणि तसाच धरून केबल पुन्हा क्लिपमध्ये दाबा. ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्या गाडीत केबलऐवजी छोटी मोटर असते. तिच्या प्लास्टिकच्या गिअरचा दात तुटला की नॉब फिरवताना डॅशबोर्डमागून टक-टक असा आवाज येतो. कधी मोटर चांगली असते, पण बॅटरी काढल्यानंतर ती आपली जागा विसरते. स्कॅनरने कॅलिब्रेट केली की काम होतं.

फ्लॅपबद्दल खात्री होत नसेल तर गरम पाणीच तोडून पाहायचं. फायरवॉलमध्ये शिरणारे दोन रबरी होज दिसतील, त्यांतला एक होज क्लॅम्पने वीस मिनिटं दाबून धरायचा. साध्या पक्कडीने किंवा व्हाइस ग्रिपने दाबू नका, सात वर्षांचा रबर आतून चिरतो. तुमच्या गाडीत इथे विशेष काळजी हवी. सीएनजीच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम पाणी लागतं, आणि किट बसवणारे ते बहुधा याच होजमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून घेतात. तुम्ही टीच्या अलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला क्लॅम्प लावलात तर रिड्यूसरचंही पाणी बंद होईल, तो गोठेल आणि गाडी झटके देईल. क्लॅम्प टी आणि फायरवॉल यांच्या मधल्या भागावर लावा, आणि चाचणीपुरती गाडी पेट्रोलवर चालवा. टी न टाकता पाणी आधी हीटर, मग रिड्यूसर असं एकाच रांगेत फिरवलेलं असेल तर हीटरचं पाणी थांबलं की रिड्यूसरचंही थांबतं. तिथे पेट्रोल हाच एक मार्ग. क्लॅम्प लावल्यावर पायाशी सात-आठ अंशांचा फरक पडला तर उगम हीटर. काहीच फरक नाही, तर हीटर निर्दोष, खाली वाका.

काही गॅरेजवाले मग हीटरचे दोन्ही होज कायमचे बुच लावून बंद करतात. ते करू देऊ नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारं पाणी सोडणारी झडप) बंद असताना पाणी फिरण्याची वाट हीटरमधूनच जाते. ती अडवली तर इंजिनाचं तापमान वरखाली होतं. बंदच करायचं तर दोन्ही होज एकमेकांना यू पाइपने जोडून पाणी फिरतं ठेवा. आणि आपल्याकडे हीटरचं खरं काम पावसाळ्यात पडतं: काच आतून धुरकट झाली की एसीच्या कोरड्या हवेत थोडी गरम हवा मिसळली तर ती झटकन साफ होते. म्हणून दुरुस्ती फ्लॅपची करा, हीटर मारू नका. कार्पेट ओला, चिकट आणि गोडसर वासाचा लागत असेल तर मात्र कॉइल गळतेय. नुसतं स्वच्छ बिनवासाचं पाणी असेल तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, त्याचा धगीशी संबंध नाही.

तुमच्या गाडीत माझा सर्वांत मोठा संशय मात्र फायरवॉलच्या भोकांवर आहे. सीएनजी किटचं चेंजओव्हर स्विच डॅशबोर्डवर असतं आणि त्याची वायर बॉनेटमधून आत आणावी लागते. नीट काम करणारा माणूस कंपनीच्या ग्रोमेटमधून (भोकातल्या रबरी कड्यातून) वायर ओवतो. घाईतला माणूस ग्रोमेट कापतो, नाहीतर उपटून टाकतो, आणि अंगठ्याएवढं भोक उघडं राहतं. हेडलाइटचा रिले, मोठा हॉर्न, म्युझिक सिस्टिमच्या ॲम्प्लिफायरची जाड वायर, सगळं याच मार्गाने येतं. गाडी उभी असताना बॉनेटखालची हवा सहज ६०-७० अंशांवर जाते आणि त्या भोकातून ती थेट बोगद्याच्या तोंडाशी उतरते. त्यात फायरवॉलवरची काळी इन्सुलेशनची गादी उंदरांनी कुरतडलेली असेल तर पत्राही उघडा पडतो. पावसाळ्यात उंदीर इंजिनावर घर करतात, तेव्हा गादीचे तुकडे बॅटरीखाली किंवा वायपरच्या खाचेत सापडतात.

भोक शोधायला रात्र लागते आणि दोन माणसं. गाडीतले सगळे दिवे बंद करून एकाने ड्रायव्हरच्या पायाशी, डॅशबोर्डखाली डोकं घालायचं. दुसऱ्याने बॉनेटमधून जोरदार टॉर्च फायरवॉलवर सावकाश फिरवायचा. जिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथून हवा येतेच. उलट बाजूनेही तपासता येतं: इग्निशन चालू, इंजिन बंद, खिडक्या बंद, ब्लोअर फुल आणि बाहेरची हवा आत घेणाऱ्या स्थितीत. मग टिश्यू पेपरची अरुंद पट्टी प्रत्येक ग्रोमेटजवळ धरा, गळतीपाशी ती फडफडते. उदबत्तीचा धूर वापरतात तसा इथे वापरू नका, गाडीत सीएनजी आहे.

सापडलेल्या भोकात सिलिकॉन कोंबून मोकळं होण्यापेक्षा योग्य मापाचा रबर ग्रोमेट बसवा. वायर पत्र्याच्या धारेवर घासून शॉर्ट होणं हे धगीपेक्षा मोठं संकट. ग्रोमेटभोवतीची बारीक फट भरायला हीटप्रूफ सिलिकॉन चालेल. त्याच वेळी बॉनेटच्या मागच्या कडेची लांब रबरी पट्टी पाहा. ती फाटली किंवा निघाली असेल तर गर्दीत इंजिनाची गरम हवा वायपरखालच्या जाळीतून सरळ एसीच्या तोंडात जाते.

भोक आहे आणि सायलेन्सरच्या बाजूने फट-फट आवाज किंवा जळक्या धुराचा वासही आहे, असं असेल तर थांबा. मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या जोडाचं) गॅस्केट किंवा फ्लेक्सिबल पाइप फुटलेला असेल तर त्या भोकातून उष्णतेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो इतर वायूंचा. प्रवासात डोकं जड होणं, मळमळणं, उतरल्यावर बरं वाटणं ही त्याची लक्षणं आहेत. दुरुस्ती होईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, रिसर्क्युलेशन वापरू नका आणि बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका. गळती शोधायची वेळ सकाळची, इंजिन गार असताना: सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे दिसतील.

खालचं पाहायला अलाइनमेंटवाल्याचा रॅम्प पाच मिनिटं मागून घ्या, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. बोगद्यात, पाइपच्या वर, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, असायला हवा. तो आहे का? बऱ्याचदा नसतो. खडखडायला लागला म्हणून कुणीतरी काढून टाकलेला असतो. असेल तर पाइपला टेकलाय का ते पाहा. खड्ड्यात किंवा उंच स्पीडब्रेकरवर तळ घासला की तो वर दाबला जातो, आणि टेकलेला पत्रा उष्णता अडवण्याऐवजी पोहोचवतो. पाइप आणि शील्ड यांच्यात किमान १५ मिलिमीटर, शील्ड आणि तळ यांच्यात ८-१० मिलिमीटर हवा मोकळी हवी. खरं काम ती हवाच करते. सायलेन्सरचे लटकवणारे रबर तुटले असतील तर पाइप एका बाजूला झुकतो आणि धग नेमकी त्याच बाजूला लागते. इंजिनाचं माउंटिंग बसलं तरी हेच होतं. पाइपला वितळलेली प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल किंवा पावसाळ्यापूर्वीचं अँटी-रस्ट कोटिंग पाइपवरही मारलेलं असेल तर तारेच्या ब्रशने काढा.

इथेच कॅटची (एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची) चौकशी करा. प्लग झिजले असतील तर पेट्रोलवर गाडी बरी चालते, पण सीएनजीला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि तिथे मिसफायर सुरू होतो. न जळलेलं इंधन कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅट लालभडक होतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर हाच प्रकार समजा आणि गाडी तशीच दामटू नका. धग फक्त सीएनजीवर लागते, पेट्रोलवर नाही, असं दिसलं तर आधी प्लग आणि इग्निशन कॉइल पाहा. तुमच्या इंजिनात एक्झॉस्ट फायरवॉलच्या बाजूला असेल तर कॅट तुमच्या पायापासून फारतर हातभर अंतरावर आहे, हे ध्यानात घ्या.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळताना ६०० अंशांच्या आसपास जातो. त्या वेळी आयडल आरपीएम थोडा वाढतो, फॅन जोरात चालतो, पायाशी धग येते. ती अधूनमधून आली तर बिघाड नाही. रोज येत असेल तर गर्दीमुळे जाळणं अर्धवट राहतंय. आठवड्यातून एकदा इस्टर्न फ्रीवेसारख्या मोकळ्या रस्त्यावर वेगमर्यादेत, २,००० आरपीएमच्या वर, वीस-पंचवीस मिनिटं गाडी सलग चालवा. आणि ओम्नी-ईकोसारख्या गाड्यांत इंजिनच सीटखाली असतं. तिथे फक्त इंजिनाच्या झाकणाचं सील आणि त्याखालचं फॉइल शाबूत आहे एवढं पाहायचं.

हे सगळं निस्तरल्यावर इन्सुलेशन लावायचंच असेल तर माहितीने लावा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर "हीट प्रूफिंग" म्हणून जी ब्यूटाइलची चांदी लावलेली शीट विकतात ती मुळात आवाज दाबण्यासाठी आहे, उष्णता ती फारशी अडवत नाही. डांबरी शीट तर तापून वास मारते. केबिनच्या बाजूने, कार्पेटखाली, ६ ते १० मिलिमीटरचा बंद छिद्रांचा नायट्राइल फोम लावा. तो साधारण १०० अंशांपर्यंतच टिकतो, म्हणून पाइपच्या बाजूला कधीही लावू नका. लॅमिनेशन फ्लोअरिंग केलं असेल तर कंपनीची मूळ गादी त्याखाली ठेवली की काढून टाकली, ते कोपरा उचलून बघा. काढली असेल तर अर्धी तक्रार तिथेच आहे. सायलेन्सरला कापडी रॅप गुंडाळू नका, आपल्या खाऱ्या दमट हवेत तो पाणी धरून ठेवतो आणि पाइप आतल्या आत सडतो.

शील्डची भोकं गंजून मोठी झाली असतील तर नवा पत्रा लागत नाही. २५-३० मिलिमीटर व्यासाचा स्टेनलेस वॉशर खालून टाकून जुनाच एम-६ बोल्ट कसा. फार आवळू नका, ॲल्युमिनियम फाटतं. पाचशे किलोमीटरनंतर एकदा पुन्हा पाना लावा, आणि त्याच रस्त्याने, त्याच वेळी, त्याच चार जागांचं तापमान पुन्हा घ्या. बोगद्याचा आकडा आठ-दहा अंशांनी खाली आला नसेल तर आणखी एक वाट उघडी आहे. अशा वेळी आधी गिअर लिव्हरचा बूट उचलून त्याखालचं रबर पाहा, ते फाटलेलं असतं आणि वरून दिसत नाही.